हातातली ठिणगी



भंडारा जिल्ह्यात, नागपूरहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत जवाहरनगर नावाची वसाहत आहे. आयुध निर्माणीभोवती वसलेले हे गाव. येथील कितीएक घरांची भाकरी दारूगोळा व स्फोटक द्रव्ये यांच्या कामावर चालते. अशा गावातल्या माणसास अग्नीचा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. उलट त्यानेच तो आपणांस शिकवावा. स्फोटकांच्या कामावर जाणारा माणूस दारात खिसे रिकामे करतो. काडेपेटी, विडी, लायटर, मोबाईल, जे ठिणगी पाडू शकेल ते सारे दारातच राहते. तीस वर्षे कामावर असलेला जुनाजाणता कारागीरही कुरकुर न करता ते ठेवतो. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे तो विचारीत नाही. कारण त्याला ठाऊक असते, की प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नाहीच. ठिणगी चांगल्या माणसाच्या हातून पडली तरी जाळायची ती जाळतेच.

हे इतके खोल समजलेला मनुष्य संध्याकाळी घरी येतो आणि पाहतो, तर चौदा-पंधरा वर्षांचे लेकरू कोपऱ्यात बसून हातातल्या काचेवर अंगठा फिरवीत आहे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, उत्तर नाही. मग एखाद्या सप्ताहात कीर्तन आटोपले, की मायबाप हळूच जवळ येऊन विचारतात, ‘महाराज, पोट्टं जेवतानाही मोबाईल सोडत नाही. कोणाशी बोलते, काय लिहिते, काही कळत नाही. काय करावं आता?’

प्रश्न साधा आहे, आणि उत्तर मात्र ‘फोन काढून घ्या’ इतके साधे नाही. म्हणून या अंकी त्याचाच विचार करू.

प्रथम एक गोष्ट नक्की करावी. यंत्रास शिव्या देऊन काही साधत नाही. त्याच यंत्रावर लेकरू शाळेचा अभ्यास पाहते, आळंदीच्या पालखीचे दर्शन घेते, पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेल्या थोरल्या भावाशी बोलते. अग्नीनेच भाकरी भाजते. चुलीतला अग्नी दैवत, छपरावरचा अग्नी काळ. अग्नी एकच, जागा बदलली. तेव्हा विचार करावयाचा तो यंत्राचा नव्हे, मर्यादेचा. आणि मर्यादा दोन आहेत. दुसऱ्यास आपल्याकडून चटका बसू नये, ही पहिली. तिला आदर म्हणू. आपल्यास दुसऱ्याकडून चटका बसू नये, ही दुसरी. तिला सावधपण म्हणू.

आदराचे आधी पाहू. वारीच्या वाटेवर आपला रिवाज काय? समोर आला तो माउली. तो वयाने लहान आहे का मोठा, कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे विचारण्याआधीच हात त्याच्या पायांकडे जातात. सत्तर वर्षांचा म्हातारा दहा वर्षांच्या टाळकऱ्याच्या पाया पडतो आणि ते पोरही लगेच त्याच्या पाया पडते. यात एक गोम आहे. पाया पडायचे तर माणूस समोर लागतो. त्याचे भेगाळलेले पाय दिसतात, चेहऱ्यावरचा घाम दिसतो. अशा माणसास वाईट बोलणे जड जाते. मोबाईलमध्ये नेमका तोच चेहरा नाहीसा होतो. राहते नुसते नाव आणि एक तळहाताएवढे चित्र. मग जे पोरगे शेजारच्या काकूंसमोर मान वर करून बोलत नाही, तेच रात्री वर्गातल्या मुलीच्या फोटोखाली नको ते लिहिते. एखाद्याच्या बोबडेपणाची, काळ्या रंगाची, बापाच्या धंद्याची, जातीची थट्टा करते. फोटो कापून त्याचे विनोदी चित्र करून वर्गाच्या समूहात फिरवते. खोट्या नावाने खाते उघडून दुसऱ्याच्या तोंडी भलते शब्द घालते. विचारले तर म्हणते, ‘गंमत केली.’

लेकरांनो, गंमत कशाला म्हणावे, याची परीक्षा सोपी आहे. ज्याची केली तोही हसला तर ती गंमत. तो हसला नाही, नुसते बाकीचे हसले, तर ती हिंसा. आणखी एक परीक्षा सांगतो. जे लिहिले ते त्या माणसापुढे उभे राहून, त्याची आई शेजारी असताना, मोठ्याने वाचता येईल का? येत असेल तर खुशाल पाठवा. येत नसेल, तर अंगठा मागे घ्या. तोंडचा शब्द वाऱ्यावर विरतो, पण मोबाईलवरचा शब्द विरत नाही. तुम्ही पुसला तरी तोवर दुसऱ्याने त्याचे चित्र काढून ठेवलेले असते. पाच वर्षांनी तुम्ही निराळे झालेले असता, तुमचा शब्द मात्र तेथेच असतो.

या दुखावण्याची खोली पाहावयाची असेल तर आळंदीस चला. संन्याशाची पोरे म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चौघां भावंडांस गावाने किती बोल लावले, हे आपण जाणतोच. परंपरा सांगते, की एके दिवशी लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेवांचेही मन विटले. ते घरी आले, आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. मनात आणा, पुढे ज्यांनी अवघ्या विश्वासाठी पसायदान मागितले, त्यांनाही दार लावून घ्यावेसे वाटले! मग आमच्या घरातले पंधरा वर्षांचे कोवळे पोर, ज्याची चाळीस मुलांच्या समूहात एकाच रात्री टर उडाली, त्याने खोलीचे दार लावून घेतले, तर त्यात नवल ते काय?

आता पुढे पाहा. त्या ताटीबाहेर कोण उभे राहिले? धाकटी बहीण. मुक्ताईने दारावर लाथ मारली नाही. ‘एवढ्यातेवढ्याचे काय मनाला लावून घेतोस?’ असे म्हणून दुःख उडवूनही लावले नाही. ती बाहेर उभी राहिली, भावाला विनवीत राहिली, आणि तो मुळात कोण आहे याची त्याला आठवण देत राहिली. ते ताटीचे अभंग आजही महाराष्ट्र गातो. अपमानाने माणूस स्वतःलाच विसरतो. दहा जण म्हणतात तसाच मी, असे त्याला वाटू लागते. त्या वेळी त्याला उपदेश नको असतो. ‘तू तो नव्हेस, तू आमचा आहेस,’ हे सांगणारे कोणी तरी दाराशी हवे असते.

म्हणून मायबापहो, लेकरू अकस्मात जेवणावरून उठू लागले, शाळेस जायचे टाळू लागले, फोन वाजला की दचकू लागले, रात्री झोपेना, आवडता खेळ सोडून बसले, तर रागावण्याआधी ताटीशी उभे राहा. ‘काय केलेस?’ असे विचारू नका. ‘काय झाले?’ असे विचारा. एका शब्दाचा फरक आहे, पण पहिल्या प्रश्नाने दार लागते आणि दुसऱ्याने उघडते. लेकरू ‘जगण्यात अर्थ नाही’ असे काही बोलले, तर ती धमकी समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी वैद्याकडे न्या. भारत सरकारची टेलि-मानस ही मनाच्या दुखण्यासाठी असलेली सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते.

आणि लेकरांनो, ही मुक्ताई घरातलीच असली पाहिजे असे नाही. समूहात एकाची चेष्टा चालली असेल तर तुम्ही गप्प बसता. मी काही लिहिले नाही ना, मग मी निर्दोष, असे मनाशी म्हणता. तसे नव्हे. तुम्ही काही लिहिले नाही हे त्या बिचाऱ्यालाही दिसत असते. चाळीस जणांच्या गप्प राहण्याचा अर्थ तो ‘चाळीसही माझ्याविरुद्ध’ असाच घेतो. निदान त्याला एकट्याला एक ओळ पाठवा, की ‘हे बरे झाले नाही, मी तुझ्या बाजूला आहे.’ एवढीही एक ताटी उघडते.

आता दुसरा दोष पाहू. तो आहे ऐकीव गोष्ट पुढे ढकलण्याचा. हा दोष लहानांचा कमी आणि थोरांचा जास्त आहे. सकाळी उठून हात जोडण्याआधी दहा जणांस दहा निरोप पुढे पाठविणारे भाविक काही कमी नाहीत. त्याचे फळ काय होते, हे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. राईनपाडा गावचा बाजारदिवस. भिक्षेवर फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. त्यांतले बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले. ज्या मंगळवेढ्याने चोखोबा, दामाजीपंत आणि कान्होपात्रा यांचे नाव अजरामर केले, त्याच भूमीतली ही माणसे. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून खेडोपाडी पसरली होती. लोकांस संशय आला, जमाव जमला, आणि पाचही जणांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारण्यात आले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

त्या काळी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराची शहरातली होती. मुलांना जपा, हे सांगण्यासाठी एका संस्थेने ती मुद्दाम नटवून केली होती. मोटारसायकलवरील माणसे मूल उचलून नेतात, आणि थोड्या वेळाने परत आणून ठेवतात व जपण्याचा संदेश देतात, असे ते मूळ चित्र. कोणी तरी शेवटचा भाग कापला. उरला नुसता मूल पळविण्याचा देखावा. कापणाऱ्याने एक कडी घडविली. पुढे पाठविणाऱ्या लाखो हातांनी साखळी केली. त्यांतल्या एकाच्याही मनात खून नव्हता. प्रत्येकाला वाटत होते, आपण लोकांना सावध करतो आहोत. हाच या ठिणगीचा भयंकरपणा. ती सद्‌हेतूच्या हातूनही पडते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, असे बंधन घातले. पण अंगठ्याला यंत्राने घातलेला लगाम तो कितीसा टिकणार? लगाम मनाचा हवा.

म्हणून तीन थांबे सांगतो. वारीत मुक्काम असतात, तसे निरोप पुढे पाठविण्याआधी हे तीन मुक्काम करावे. हे मूळ कोणी सांगितले, त्याचे नाव-गाव ठाऊक आहे का? हा पहिला. हे पुरते आहे का कापलेले, कालचे आहे का दहा वर्षांपूर्वीचे? हा दुसरा. आणि हे खरे असले, तरी मी पाठविल्याने कोणाचे भले होणार आहे? हा तिसरा.

तिसऱ्या मुक्कामाचे महत्त्व जवाहरनगरइतके कोणास कळणार? २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी निर्माणीत स्फोट झाला आणि अनेक कामगार प्राणांस मुकले. अशा दुःखाचा दृष्टांत करून भाषण रंगवू नये. पण त्यातून वागणुकीचा एक धडा घ्यावा तो नम्रपणे घेऊ. अशा वेळी प्रत्येक घरातली बाई दाराकडे डोळे लावून बसलेली असते. आपला माणूस आत आहे का बाहेर, हे तिला माहीत नसते. त्या घटकेला कोणा पोराने ढिगाऱ्याचे, जखमींचे चित्र गावाच्या समूहात टाकले, आणि त्या माउलीने आपल्या धन्याचा सदरा प्रथम त्या चित्रात ओळखला, तर? बातमी खरी असली तरी ती सांगण्याचा अधिकार आणि वेळ असते. आधी घर, मग गाव, मग जग. हा क्रम मोडणारा माणूस खरे बोलूनही पाप करतो. अपघात, मृत्यू, रडणारी माणसे यांची चित्रे लेकरांनी काढू नयेत, आली तर पुढे पाठवू नयेत. हा नियम घरोघर सांगून ठेवावा.

आता सावधपणाकडे वळू. आणि येथे आडपडदा न ठेवता बोलले पाहिजे, कारण लाजेने गप्प राहिल्यानेच सर्वांत जास्त नुकसान होते.

समजा, एका मुलीची कोणाशी तरी ओळख झाली. समोरचा गोड बोलतो, आपलेही वय सोळा सांगतो. ‘तुझ्या घरचे तुला समजून घेत नाहीत, मी घेतो,’ म्हणतो. ‘हे आपल्या दोघांतच ठेव,’ म्हणतो. महिन्याने फोटो मागतो. मग तसला फोटो मागतो. एकदा तो हाती पडला, की सूर बदलतो. आणखी पाठव, नाही तर पैसे दे, नाही तर हा फोटो तुझ्या बापाला धाडतो. मुलांच्या बाबतीतही हेच होते. मुलीच्या नावाने कोणी ठग बोलतो आणि पोरगे जाळ्यात सापडते. आताशा तर साध्या फोटोवरूनही यंत्राच्या साह्याने खोटे नागडे चित्र बनविता येते. म्हणजे लेकराने काही न करताही हे संकट येऊ शकते.

लेकरांनो, ओळखीच्या खुणा ध्यानी ठेवा. जो गुपित ठेवावयास सांगतो, जो घाई करतो, जो घरच्यांपासून तोडतो, तो सखा नव्हे. आणि फसलाच, तर चार गोष्टी करा. पैसे देऊ नका, कारण पहिल्या पैशाने मागणी थांबत नाही, वाढते. घाबरून सारे पुसून टाकू नका. धमकीचे निरोप, त्याचे नाव, क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवा. मात्र स्वतःचे तसले चित्र पुरावा म्हणून कोणालाही पाठवू नका. मग त्याला अडवा आणि बोलणे बंद करा. आणि त्याच दिवशी विश्वासाच्या थोर माणसास सांगा. आई, बाप, आत्या, मास्तर, कोणीही चालेल.

थोरांनी पुढे काय करावे? मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडविण्याची आशा अधिक. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार देता येते, आणि स्त्रिया व मुले यांच्याविरुद्धच्या तक्रारींसाठी तेथे वेगळी सोय आहे. पोलीस ठाणे तर आहेच. अठरा वर्षांखालील मुलांची अशी चित्रे पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची एक विनामूल्य सेवा अमेरिकेतील मुलांसाठीची संस्था चालविते. चित्र स्वतःच्या फोनमध्येच राहते. त्याच्या ठशासारखी एक खूण तेवढी पुढे जाते, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते चित्र ओळखून काढून टाकू शकतात. गाव काय म्हणेल, या भीतीने पुष्कळ मायबाप तक्रार करीत नाहीत. त्यांना सांगावे, की अशा गुन्ह्यात सापडलेल्या लेकराची ओळख उघड करण्यास कायद्यानेच बंदी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तसे स्पष्ट आहे.

आणि हे ज्यांना खेळ वाटतो त्या मुलांनीही ऐकावे. दुसऱ्याच्या खाजगी अंगाचे चित्र त्याच्या संमतीवाचून काढणे वा पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. ते चित्र अठरा वर्षांखालच्या लेकराचे असेल, तर संमतीचा प्रश्नच उरत नाही, आणि शिक्षा अधिक कडक होते. ‘मी काढले नाही, मला आले, मी पुढे पाठविले,’ ही सबब चालत नाही. पाठविणारा स्वतः लहान असला, तरी त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे राहावे लागते.

जवाहरनगरसारख्या वसाहतीतल्या लेकरांस आणखी एक सावधपण हवे. बाबा कोणत्या विभागात आहेत, पाळी किती वाजता सुटते, आत काय बनते, असे प्रश्न अनोळखी मित्र उगाच विचारीत नसतो. मार्च २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील फिरोजाबादच्या आयुध निर्माणीतल्या एका कर्मचाऱ्यास, फेसबुकवरच्या ओळखीतून गोपनीय माहिती बाहेर दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. थोरांनाही गळाला लावणारे हे पाणी आहे. निर्माणीच्या दाराचे, कुंपणाचे, बापाच्या ओळखपत्राचे फोटो कौतुकानेही टाकू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे सगळे उपाय एका गोष्टीवर उभे आहेत. लेकराने येऊन सांगितले पाहिजे. आणि ते सांगेल केव्हा? सांगितल्यावर मार बसणार नाही, फोन कायमचा जाणार नाही, अशी खात्री असेल तेव्हा. आपल्या पालखी सोहळ्यात समाजआरतीची रीत आहे. मुक्कामाच्या तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते, आणि नंतरच पुढचे होते. टाळ का वाजवता, म्हणून त्या दिंडीला कोणी हाकलून देत नाही. पाहा, केवढी थोर रीत! जेथे शिस्त सर्वांत कडक, तेथेच गाऱ्हाण्याला मानाची जागा. आमच्या घरात चोपदाराचा दंड आहे, पण त्या टाळाला जागा नाही. म्हणून लेकरे गप्प राहतात. फोन आपटणे, चिडणे, दार लावणे, हा त्यांचा टाळच आहे. तो ऐका.

कोणी म्हणेल, ‘महाराज, एवढी यातायात कशाला? अठरा वर्षे होईतो फोनच देऊ नये.’ असे म्हणणाऱ्यांची कळकळ खोटी नाही. आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभा भरवून अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. गाव एकत्र बसले, मुलांसाठी काळजीत पडले, हे थोरच. परंतु बंदीला एक पळवाट नेहमी असते. घरी नाही मिळाला, तर मित्राचा मिळतो. आणि मित्राच्या चोरट्या फोनवर फसलेले लेकरू घरी कधीच सांगत नाही, कारण मुळात फोन हाती घेणेच गुन्हा ठरलेला असतो. दुसरी वाट सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखविली. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजू लागला, आणि दीड तास घरोघर दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा नेम झाला. यातले मर्म असे, की तो भोंगा एकट्या मुलांसाठी नव्हता. आईची मालिका बंद, बापाचा मोबाईल बंद, मग पोराचे पुस्तक उघडे. मर्यादा सर्वांना सारखी असली की ती शिक्षा वाटत नाही, रीत वाटते. भोंग्यावर उठणारे-बसणारे जवाहरनगर हे सहज समजेल.

हरिपाठाला बसलेला बाप एक डोळा मोबाईलवर ठेवतो, आणि पोराला म्हणतो, ‘लक्ष दे.’ पोर लक्ष देतेच, पण बापाच्या बोलण्याकडे नव्हे, बापाच्या डोळ्याकडे. तसेच आपण लेकरांचे फोटो, त्यांचे गुण, त्यांच्या शाळेचे नाव त्यांना न विचारता जगापुढे मांडतो. मग दुसऱ्याला विचारूनच त्याचा फोटो टाकावा, हे ते कोणाकडून शिकणार?

वारीत लेकरू कसे शिकते? प्रथम खांद्यावर बसून जाते. मग बोट धरून चालते. मग ओळीत चालते, पण आईच्या नजरेत. एके दिवशी त्याच्या हाती पताका येते आणि ते पुढे चालू लागते. आपण पहिल्याच दिवशी त्याला पताका देऊन गर्दीत सोडीत नाही, आणि हरवेल म्हणून जन्मभर घरीही ठेवीत नाही. मोबाईलचेही असेच करावे. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखाली खाते उघडता येत नाही, हा त्यांचाच नियम आहे. तेव्हा वय खोटे लिहून खाते उघडून देणे हा खोटेपणाचा पहिला धडा बाप स्वतःच देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात त्यांनी किशोरांची निराळी खाती आणली. ती आपोआप खाजगी राहतात, अनोळखी माणसास सहज निरोप पाठविता येत नाही, आणि सोळा वर्षांखालच्या मुलास ही बंधने सैल करावयाची तर आईबापांची परवानगी लागते. पण वय खरे लिहिले असेल तरच हे कुंपण लागते. आईबापांनी लेकराशेजारी बसून ही व्यवस्था दोघांनी मिळून लावावी. चोरून फोन तपासू नये. ‘मी अधूनमधून तुझ्याबरोबर पाहीन,’ असे उघड सांगावे. वय वाढेल तसे बोट सैल करावे.

तात्पर्य, या महिन्यापासून घरात नेम करावा. नेम थोडाच असावा, पण मोडू नये. जेवताना आणि हरिपाठाला सर्वांचे फोन एका कोनाड्यात, थोरांचे आधी. रात्री निजताना फोन लेकरांच्या उशाशी नको, माजघरात असावा. कोणाचाही फोटो त्याला विचारल्यावाचून टाकावयाचा नाही. राग आला असता काही लिहावयाचे नाही, सकाळी लिहावे. आणि काहीही घडले, कितीही लाजिरवाणे घडले, तरी घरी येऊन सांगितल्यास प्रथम जवळ घेतले जाईल, हिशेब नंतर. हा शेवटचा नेम मायबापांनी पाळावयाचा आहे, आणि तोच सर्वांत अवघड आहे.

एकादशीस आपण अन्न सोडतो. त्या दिवशी आणखी एक उपवास धरावा, अंगठ्याचा. एक दिवस कोणाविषयी वाईट लिहावयाचे नाही, ऐकीव पुढे पाठवावयाचे नाही, आणि ज्याला दुखावले असेल त्याच्याकडे पायी चालत जाऊन त्याच्या पाया पडावयाचे. पंढरीची वाट फार लांबची वाटते, पण कधी कधी ती शेजारच्या घराच्या दारातून जाते. ज्या लेकराने हे एकदा केले, त्याच्या हाती मोबाईल देण्यास भिण्याचे कारण नाही. त्याला समोरच्या काचेमागचा चेहरा दिसू लागला आहे, आणि त्या चेहऱ्यातला पांडुरंगही.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥